पुढच्या दाराची कडी

१४ सप्टेंबर २०२२ रोजी सोनिवलीच्या बनूबाईंनी उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये, रोख ७२,३५० रुपये मोजून घोड्यांचा एक जुना ट्रेलर विकत घेतला. विकणारा सिंधी शेठ लग्नाच्या वरातींना घोडी पुरवायचा; आता तो धंदा त्याने बंद केला होता. कागदपत्रं बघायला मी बरोबर गेलो होतो. मी अंबरनाथच्या एका कारखान्यात हिशेब खात्यात आहे, राहतो सोनिवलीतल्या नव्या इमारतीत, आणि दूध बनूबाईंकडून घेतो.

"अम्मा, ये घोडे का है," शेठ म्हणाला. "गाय-बैल इसमें नहीं जमेगा."

"घोडा उभाच राहतो ना आत? बैलपण उभाच राहतो," बाई म्हणाल्या. "मला काय त्याची वरात काढायचीय?"

शेठ हसला आणि एक चांगला दोर फुकट दिला.

ट्रेलर कशासाठी, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. आदल्या वर्षी बाईंनी मुरबाडच्या बाजारातून तांब्या नावाचा बैल घेतला होता. आणायला गावातल्याच महेशचा टेम्पो. महेशने त्यात चार जनावरं कोंबली आणि तांब्याला वेसणीच्या दोराने वरच्या दांड्याला आखूड बांधलं. बारवीच्या रस्त्यावर एका उतारावर त्याने करकचून ब्रेक मारला. तांब्याचे पाय घसरले आणि दोराचा फास मानेला बसला. सोनिवलीत मागची फळी उघडली तेव्हा तो गार पडला होता.

"आतून काय आवाजच नाय आला, काकी," महेश म्हणाला. "मला कसं कळणार?" आणि तो नळीने टेम्पो धुवायला लागला.

नवरा गेल्यावर बनूबाईंनी वीटभट्टीवर सात वर्षं ट्रॅक्टर चालवला होता. जुनी जीप त्यांच्याकडे होतीच. तिला मागे त्यांनी हा ट्रेलर जोडला.

घोड्यासाठी बांधलेली वस्तू बैलाला आहे तशी चालत नाही, हे त्यांनी पहिल्याच फेरीत ओळखलं. जनावराच्या छातीपुढे जो आडवा दांडा असतो तो त्यांनी वीतभर खाली वेल्ड करून घेतला. आतली जमीन गुळगुळीत होती, तिच्यावर रबराची जाड चटई आणि वर भाताचा पेंढा. आत शेजारी-शेजारी दोन कप्पे; जनावर एकच असलं तर ते उजव्या कप्प्यात, कारण आपला रस्ता डावीकडे उतरता असतो. आणि शक्य तेवढं पुढे, कारण वजन मागे गेलं की ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. वेसणीला दोर बांधायचा नाही, तोंडाभोवतीच्या म्होरकीला बांधायचा, तोही मान खाली घेता येईल एवढा सैल. दर अर्ध्या तासाने थांबून आत डोकवायचं. दीड वर्षात त्यांनी किती गाई-म्हशी नेल्या-आणल्या, एकीलाही खरचटलं नाही. महेशची निम्मी भाडी त्यांच्याकडे आली. मी एकदा म्हटलं, "बाई, वसूल झालं की."

"एवढ्यानं काय होतंय, भाऊ," त्या म्हणाल्या.

महेशकडे तोवर पाखऱ्या नावाचा शर्यतीचा बैल आला होता. १८ फेब्रुवारी २०२४, रविवार, नेवाळीपलीकडच्या माळावर त्याची बिनजोड शर्यत ठरली. बिनजोड म्हणजे समोरासमोर दोनच गाडे. दहाच्या ठोक्याला जो हजर नसेल तो हरला. पाखऱ्याचा जोडीदार बैल दुसऱ्या मालकाचा, तो आधीच माळावर पोचला होता. आणि शनिवारी संध्याकाळी महेशच्या गाडीचा गिअरबॉक्स बसला. शर्यतींच्या दिवसांत दुसरी गाडी मोकळी मिळेना. तो बाईंच्या अंगणात आला तेव्हा मी दुधाचं भांडं घेऊन उभा होतो.

"काकी, मागचं सोडा."

"सोडलं," बाई म्हणाल्या. "सकाळी साडेआठला बैल घेऊन ये." तो गेल्यावर माझ्याकडे वळल्या. "उद्या सुट्टी ना, भाऊ? शेजारी बसा. घड्याळ घालून या."

सकाळी महेश पांढरा शर्ट, पांढरी पॅन्ट, अत्तर लावून आला. चार पोरं मोटरसायकलींवर. पाखऱ्या फळीवर पाय ठेवेना. आजवर मारूनच गाडीत चढवलेलं जनावर ते. एकाने शेपूट पिळायला हात घातला.

"हात लावलात तर गाडी जागची हलणार नाय," बाई म्हणाल्या. "महेश, तूच आत जा. पुढं उभा राहा, पेंढा दाखव. तुला ओळखतो ना तो?"

घोड्याच्या ट्रेलरला पुढे, छातीच्या दांड्यापलीकडे, माणसापुरती जागा असते आणि बाजूला बाहेरून कडी असलेलं एक लहान दार. घोडा बांधून झाला की माणूस त्या दाराने बाहेर पडतो. महेश मागून चढला, दांड्याखालून वाकून पुढे गेला आणि पेंढा धरून पुचकारत राहिला. दहाएक मिनिटांनी पाखऱ्या आपल्या पायांनी वर गेला. म्होरकी सैल कशी बांधायची ते बाईंनी खिडकीतून सांगितलं आणि त्याने तशी बांधली. मागची फळी बंद झाली, पोरं पुढे निघाली.

"काकी, दार उघडा."

"बंदच ठेवलंय," म्हणत बाई जीपमध्ये बसल्या. नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती.

एरवी त्या ताशी चाळीसने जात. त्या दिवशी काटा वीसवर. डॅशबोर्डवरचा बाईंचा फोन वाजत होता, मागून पत्र्यावर मुठी आपटत होत्या.

"बाई, ट्रेलरमध्ये माणूस ठेवायचा नसतो," मी म्हटलं.

"बैलपण मारायचा नसतो."

पुन्हा बोलावंसं मला वाटलं नाही.

अंबरनाथच्या एमआयडीसीपाशी पोरं उलटी फिरून आली. त्यांना फोन गेला असणार. एक जण खिडकीला चिकटून गाडी चालवत होता. "ओ मावशी, दादाला बाहेर काढा. अभी के अभी."

"भर रस्त्यात दार उघडते," बाई म्हणाल्या. "बैल बिथरला, पाय मोडला, तर तुझ्या दादाला तू सांग. उघडू?"

पोराने मागे ट्रेलरकडे पाहिलं. मग चारही मोटरसायकली मुकाट्याने आमच्या पुढे वीसच्या वेगाने चालू लागल्या.

नऊ पस्तीसला बाईंनी जीप कडेला घेतली आणि बादली उतरवली. पाखऱ्याला खिडकीतून पाणी पाजलं, मानेखाली हात घालून दोर तपासला. दांड्यापलीकडे महेश कोपऱ्यात अंग चोरून उभा होता. बैलाची शिंगं त्याच्यापासून हातभरावर, लाळ त्याच्या शर्टावर.

"काकी, हात जोडतो. दहाला नाव पुकारतात."

"तुझ्यासाठी नाय थांबले. जनावर बघायला थांबले."

मग तो पुटपुटला, "तांब्याचं चुकलं माझं."

"मोठ्यानं बोल. आतून आवाज येत नाय."

"तांब्या माझ्यामुळं मेला," तो ओरडला. पोरांनी ऐकलं, रस्त्याकडेच्या नारळपाणीवाल्यानेही ऐकलं.

"आता आला," बाई म्हणाल्या. बादली ठेवली, जीप सुरू केली. काटा वीसवरच राहिला.

माळावर पोचलो तेव्हा दहा वाजून अकरा मिनिटं झाली होती आणि भोंग्यावरून समोरच्या मालकाला विजयी जाहीर करून झालं होतं. बाईंनी आधी मागची फळी उघडली. पाखऱ्या शांतपणे उतरला. मग पुढच्या दाराची कडी काढली. महेश लाळेने भिजलेल्या पांढऱ्या शर्टात उतरला. समोरच्या मालकाचा एक पाहुणा म्हणाला, "अरे, नवरदेव आला रे, पण मुहूर्त गेला." बघ्यांत हशा पिकला.

महेशने बाईंवर हात उगारला. बाई जागच्या हलल्या नाहीत.

"बैल तपासून घे," त्या म्हणाल्या. "एक ओरखडा दाखव."

त्याला बैलाभोवती फिरावं लागलं. लोक बघत होते. चारही पाय, खूर, मान, वेसण. ओरखडा नव्हता.

परतताना रिकामा ट्रेलर घेऊन बनूबाईंनी ताशी साठने गाडी हाणली आणि बदलापूर गावात थांबून मला चहा पाजला.

भाडं पंधराशे ठरलं होतं. महेशने माळावरच चौदाशे दिले, तशी पावती मी लिहून दिली. शंभर रुपये अजून येणे आहेत.