मुद्दाम अडखळणारं यंत्र

माझ्या नणंदेला ऑफिसात सगळे ‘कात्री’ म्हणतात. घरी मात्र झाकण हरवलेला डबासुद्धा तिच्याने टाकवत नाही. कॉम्प्युटरमधले बाकीचे प्रोग्राम ज्याच्या जिवावर चालतात, ती ऑपरेटिंग सिस्टीम बनवणाऱ्यांत ती आहे. दर नव्या आवृत्तीतून जुनाट भाग छाटायचे, हे तिचं काम. भाग छाटला की कुठेतरी कुणाचा तरी प्रोग्राम बंद पडतो आणि शिव्या हिला खाव्या लागतात.

एका वर्षी तिने असाच एक भाग काढणार म्हणून जाहीर केलं. कोणती कळ दाबली हे सगळ्या प्रोग्रामांना कळवणारी ती जुनी वाट होती, आणि त्याच वाटेने चोर लोकांचे पासवर्ड पळवत होते. मग तिला एक फोन आला. पलीकडून यंत्राचा सपाट आवाज एकेक शब्द सावकाश बोलला, “ती वाट गेली की मी मुका होईन.”

ते एक न्हावीकाका होते. उभं आयुष्य गिऱ्हाइकांशी गप्पा मारण्यात गेलेलं. आजाराने वाचा गेली, हातपाय गेले, एक बोट तेवढं उरलं. पडद्यावर अक्षरं सरकत, हवं ते आलं की काका कळ दाबत आणि यंत्र बोले. तो प्रोग्राम बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली होती. नवे प्रोग्रामही आणून पाहिले, पण काकांच्या थरथरत्या बोटाशी एकाचंही जमेना.

एका माणसासाठी करोडो लोकांची दारं उघडी ठेवायची का, असं तिच्या साहेबांनी विचारलं. मला त्यांचा राग आला. नणंद म्हणाली, “वहिनी, साहेबांचं बरोबर आहे, म्हणून तर झोप येत नाही.”

शेवटी तिने वाट बंद केली, पण त्या प्रोग्रामसाठी आत एक बंदिस्त खोली बांधली. तिथे त्याला जुन्याच पद्धतीने उत्तरं मिळत, बाहेरचं काही दिसत नसे. तरी घोडं अडलंच. जेवणाच्या टेबलावर ती काकांसारखं बोट थरथरवत कळ दाबत बसे, मला वाटलं हिला ताप भरलाय. प्रत्येक अक्षर दोनदा उमटत होतं. खूप खणल्यावर सापडलं की जुन्या सिस्टीममध्ये एक चूक होती. कळ दाबली की सिस्टीम क्षणभर अडखळायची, आणि थरथरत्या बोटाचा दुसरा धक्का त्या अडखळण्यात जिरून जायचा. काकांची वाचा त्या चुकीवर उभी होती. नणंदेने नव्याकोऱ्या, वाऱ्यासारख्या सिस्टीमला तेवढ्या खोलीपुरतं पुन्हा अडखळायला शिकवलं. ऐकून मी थक्क झाले. एवढ्या अफाट यंत्रात एका बोटासाठी एक चूक जपून ठेवायची, हे सुचणंच मला अजून चमत्कार वाटतं.

आम्ही दोघी काकांकडे गेलो. काकू त्यांना आंघोळ घालत होत्या, तेवढ्यात नणंदेने नवी सिस्टीम चढवली. काका चाकांच्या खुर्चीतून आले आणि लगेच सुरू झाले. नणंदेचे केस कोणी बिघडवले इथपासून शेजाऱ्याच्या टकलापर्यंत सगळं झालं. नणंदेची नजर त्या बोटावरून हलत नव्हती.

मग काकांनी विचारलं, “नवीन कधी घालणार? भीती वाटते.”

“काका, मघापासून तुम्ही नव्यावरच बोलताय.”

बोट कळेवर तसंच थांबलं. काकूंनी पदर डोळ्यांना लावला. पुन्हा अक्षरं सरकू लागली आणि यंत्र बोललं, “मग बसा. अजून खूप बोलायचंय.”