भावजी आणि पाटलांची पेंड

जेवताना भावजींनी तोंड फक्त खाण्यासाठी उघडायचं, असा नियम मी परतूरच्या घरात केला होता आणि तो एक दिवसही पाळला गेला नाही. भाकरीचा पापुद्रा निघाला की तसाच पापुद्रा कुठल्या बैलाच्या यकृतावरून निघाला होता ते त्यांना आठवायचं, आणि आठवलं की सांगितल्याशिवाय राहवायचं नाही. सांगताना त्यांचा घास थांबत नसे. थांबायचा तो आमचा. भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. मुंबईहून जनावरांची डॉक्टरकी शिकून आले आणि निजामाच्या राज्यात, परतूरच्या सरकारी दवाखान्यावर लागले. आसपासची गावं त्यांना सलोतरीसाहेब म्हणत. त्यांनी लग्न केलं नव्हतं, त्यामुळे एका बाईने सोसायचं ते सगळं माझ्या वाट्याला आलं.

मेलेलं जनावर उघडून पाहिल्याशिवाय ते कशाने मेलं हे बोलायचं नाही, हा त्यांचा बाणा. उघडून झालं की यकृताचा नाहीतर मूत्रपिंडाचा तुकडा कापून घरी आणायचे, आणि तो औषधात बुडवून ठेवायला त्यांना नेमकी माझी लोणच्याची बरणी लागायची. "वहिनी, एवढं घट्ट झाकण दवाखान्यातल्या एका भांड्याला नाही," असं वर कौतुक. मी बरण्या फडताळात लपवल्या, त्यांनी शोधल्या. एकदा पाहुणे पंगतीला बसलेले असताना मी कैरीच्या लोणच्याची म्हणून बरणी उघडली, तर आत म्हशीचं यकृत. त्यानंतर आमच्या घरी लोणचं मागणारा पाहुणा उरला नाही. ह्यांच्याकडे तक्रार करावी तर हे तहसिलीत अहलकार, म्हणजे कारकून, सरकारी कागदात आयुष्य घातलेले. "अगं, सरकारी काम करून राह्यलाय तो," एवढं म्हणून हे पान लावायला घ्यायचे.

पण बरण्या परवडल्या. खरा छळ होता तो त्यांच्या उत्तरांचा. जेवढं विचारलं तेवढंच सांगायचं, आणि तेही तोलूनमापून. आमटी कशी झालीय विचारलं तर म्हणायचे, "गरम आहे." शेजारच्या काकूंची गाय आजारी पडली. त्या बिचाऱ्या डोळ्यांना पदर लावून विचारायला आल्या, गाय वाचेल ना? भावजी म्हणाले, "आत्ता तर जिवंत आहे." काकू दारातच मटकन बसल्या. त्या गेल्यावर मी म्हटलं, "भावजी, दोन शब्द गोड बोलायला काही खर्च येतो का?"

"बोलताना नाही येत, वहिनी. नंतर येतो," असं म्हणून ते हात धुवायला गेले.

या असल्या उत्तरानेच पुढे सटवाचा घात केला.

गोदावरीकडच्या एका गावात पाटलांचे बैल मरायला लागले. आधी चारा सोडायचे, मग मान टाकायचे, डोळे पिवळे पडायचे आणि जायचे. पाठोपाठ तीन गेले. गावात दुसऱ्या कोणाचं वासरूसुद्धा शिंकलं नव्हतं, म्हणून पाटलांनी ठरवून टाकलं की हे वैऱ्याचं काम. वैरी हुडकायला त्यांना फार लांब जावं लागलं नाही. मेलेली जनावरं ओढून न्यायचं काम गावाने ज्यांच्या गळ्यात पिढ्यान्‌पिढ्या मारलं होतं त्यांच्यापैकी एक सटवा. मेलेल्या जनावराचं कातडं त्याला मिळायचं. तेव्हा कातड्यासाठी यानेच विष घातलं, असं पाटील म्हणाले आणि गावाने माना डोलावल्या.

तिसरा बैल भावजींनी सगळ्या गावासमोर उघडला. अमीनसाहेब, म्हणजे आमच्याकडचे फौजदार, नाकाला रुमाल लावून उभे होते. त्यांनी विचारलं, "डॉक्टरसाब, एकच बात बोलो. जहर है या नहीं?"

भावजींनी ते पिवळं, कडक झालेलं यकृत हातात उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "है."

झालं. सटवाला तिथल्या तिथे दोरी लावून परतूरच्या हवालातीत आणून टाकलं, आणि भावजी घरी येऊन हे सगळं मला भाकरी खात सांगायला लागले. माझ्या हातातलं उलथनं तव्यावर आपटलं.

"अहो, मग सटवाने घातलं नाही, असं तुम्ही का नाही म्हणालात?"

"कोणी घातलं, हे त्यांनी विचारलंच नाही."

"मग आपण होऊन सांगायचं!"

"काय सांगणार? मला माहीत नव्हतं. अजून माहीत नाही."

दुसऱ्या दिवसापासून सटवाची बायको गयाबाई आमच्या फाटकाबाहेर येऊन बसायला लागली. आत ये म्हटलं तरी यायची नाही. मला म्हणाली, "बाई, रात्री लई मारलं जी त्याला. सायबाला सांगा ना, एक डाव 'इख न्हाई' म्हना म्हनावं. त्यायच्या शबुदावर मानूस अडकून पडलंय."

मी तशीच आत गेले आणि भावजींना जे सुनावलं ते ओटीपर्यंत ऐकू गेलं असेल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पण वहिनी, विष आहे. आज मी नाही म्हटलं आणि उद्या चौथा बैल मेला, तर मग सटवाला कोण सोडवील?" या माणसाचा संताप यायचा तो याच्यासाठी. हाताशी लाटणं असावं, मारायची इच्छा असावी, आणि बोलणं मात्र चुकीचं म्हणता येऊ नये.

दुसऱ्या दिवशी ते उठले आणि पाटलांच्या गोठ्यात जाऊन ठाण मांडून बसले. बैल खातात ते सगळं हुंगायचं, कडब्याची कांडी मोडून स्वतः चावून बघायची, असं त्यांचं चाललं होतं. गावाने करमणूक करून घेतली. शेवटी त्यांनी पाटलांना विचारलं, "तुमचे बैल असं काय खातात, जे दुसऱ्यांचे खात नाहीत?" पाटील मिशीवर हात फिरवून म्हणाले, "पेंड." भुईमुगाची पेंड बैलांना चारायची ऐपत त्या गावात त्यांची एकट्याची होती. भावजींनी पोतं उघडायला लावलं. पावसात वरून गळून पेंड भिजली होती आणि तिच्यावर हिरवट बुरशी चढली होती. अर्धं पोतं बैलगाडीत घालून ते घरी घेऊन आले.

आता ते पोतं घरी कशाला, हे मी विचारायच्या आधीच भावजींची नजर माझ्या पाठींवर, शेळीच्या पिल्लांवर, गेली. आमच्या शेळीला झालेल्या दोन जुळ्या पाठी, गंगी आणि जमनी, मी हाताने पाला भरवून वाढवल्या होत्या. "दोन्ही सारख्या आहेत, वहिनी. अगदी बराबर," ते खुशीत म्हणाले. गंगीला पाटलांची पेंड द्यायची, जमनीला चांगली, बाकी चारा, पाणी, जागा सगळं एकसारखं. मी नाही म्हटलं. बोलणं टाकलं. मग फाटकाकडे लक्ष गेलं. गयाबाई तिथेच बसलेली होती. मी मुकाट्याने गंगीसमोर ती पेंड ठेवली, आणि पुढे रोज ठेवत गेले, कारण भावजी गावोगाव फिरतीवर आणि घरात दुसरं होतं कोण?

पोळा गेला, गणपती गेले. गंगी मस्त खायची. सटवा आत, गयाबाई बाहेर, आणि भावजी रोज गंगीची पापणी खाली ओढून बघायचे आणि मान हलवायचे. मग ती खाईनाशी झाली. एके सकाळी भावजी ओरडले, "वहिनी, पिवळे! डोळे पिवळे झाले!" माझी पाठ मरायला टेकली होती आणि हा माणूस आनंदाने अंगणात फेऱ्या मारत होता. चार दिवसांत ती गेली. त्यांनी तिला माझ्या धुण्याच्या दगडावर उघडलं आणि पत्रावळीवर यकृत घेऊन थेट स्वयंपाकघराच्या दारात आले. "तेच आहे! बघा, बैलाचं होतं तस्संच! सटवा सुटला, वहिनी!" मी रडले. गंगीसाठी की सटवासाठी, असं त्यांनी विचारलं असतं तर मलाही नेमकं सांगता आलं नसतं.

एवढ्यावर थांबतील तर ते भावजी कसले? म्हणाले, "आता जमनीचंही पाहायला पाहिजे. ती धडधाकट आहे, पण आतून खात्री नको का?" मी जमनीला कवटाळून दारात बसले आणि म्हटलं, "आधी मला उघडा." त्यांना खाटकाकडच्या यकृतावर भागवावं लागलं. पण आपल्या अहवालात त्यांनी लिहिलंच, की दुसऱ्या जनावराची तपासणी वहिनींच्या विरोधामुळे करता आली नाही.

अमीनसाहेब अहवाल न्यायला घरी आले. पाटीलही सोबत होते. वहिनींच्या विरोधाचं ते वाक्य अमीनसाहेबांनी मोठ्याने वाचलं आणि हसले. मग कागद मिटून म्हणाले, "ठीक है. जहर पेंड में था. तो सटवाने पेंड में डाला होगा." आणि भावजींकडे बघत, "पेंड में क्या था, मालूम है?"

"नहीं मालूम," भावजी म्हणाले. मी दाराआड कपाळावर हात मारून घेतला.

तेवढ्यात फाटकाबाहेर गयाबाई उठून उभी राहिली. "सायेब, पेंड कुठं ठिवतेत ते इचारा की पाटलाला. माजघरात ठिवतेत. आमाला त्यायच्या वसरीवर पाय ठिऊ देत न्हाईत, सावली पडली तर पानी शिपडतेत. मंग आमचा मानूस माजघरात जाऊन इख कालवून आल्ता का? आल्ता आसंल तर पाटलानं तसं सांगावं."

अमीनसाहेबांनी पाटलांकडे पाहिलं. सटवाला दोषी ठरवायचं तर तो आपल्या माजघरात वावरला, असं पाटलांना चारचौघांत म्हणावं लागलं असतं. तेवढं त्यांच्याच्याने झालं नाही. संध्याकाळी सटवा सुटला.

सुटल्यावर तो गयाबाईच्या खांद्याला धरून आमच्या फाटकापाशी आला. एक डोळा सुजलेला, चालताना कंबरेत वाकलेला. म्हणाला, "सायेब, तुमी 'इख हाय' म्हनले तवापासून मला मारून राह्यले व्हते. 'न्हाई' म्हनले आस्ते तर मार तरी चुकला आस्ता."

मी मागून म्हटलं, "भावजी, माफी मागा त्याची."

त्यांनी खरोखर हात जोडले. "माफ कर, सटवा," ते म्हणाले, आणि मी सुस्कारा सोडते न सोडते तोच, "पण विष होतं."

सटवा हसला. हसताना बरगडी दुखली म्हणून त्याने पोट धरलं, तरी हसायचा थांबेना. त्या गावात तो परत राहिला नाही. दोघं नवराबायको जालन्याला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लागली असं पुढे कळलं.

पाटलांचा हात मात्र हैदराबादेपर्यंत पोचत होता. त्या थंडीतच भावजींची बदली तेलंगणात कुठेतरी, रेल्वेही जात नाही अशा ठिकाणी झाली. स्टेशनवर मी दशम्यांचा डबा खिडकीतून दिला. गाडीने शिटी दिली तेव्हा मी विचारलं, "दिवाळीला येणार ना?"

त्यांनी विचार केला. गाडी सुटत असताना, भावजय डोळ्यांत पाणी आणून उभी असताना, त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "सांगता येत नाही, वहिनी."

हो म्हणायला काय जात होतं? त्या रागात मी हातसुद्धा हलवला नाही. पावसाळ्याच्या शेवटी तिकडून तार आली. ताप आला होता, चार दिवसांत गेले. दिवाळीला येतो असं खोटंच सांगून गेले असते, तर मला जन्मभर त्यांच्यावर रागवता तरी आलं असतं. माझी तेवढीही सोय त्या माणसाने ठेवली नाही.