दुपारचे पेले

लहानपणी तिला घरात सगळे गोगलगायच म्हणत. कपभर दूध संपवायला तिला इतका वेळ लागे, की त्यावर पुन्हा साय धरे. मावशी तर तोंडावर म्हणायची, "गोगलगाय नि पोटात पाय! ही एक दिवस सगळ्यांना गुंडाळून ठेवेल, बघा." आईला मात्र घोर. एवढ्या संथ पोरीचं या धावत्या जगात व्हायचं कसं?

झालं असं, की पोरगी गोगलगायींच्याच चाकरीला लागली.

प्रयोगशाळेच्या तळमजल्यावर तिची खोली. भिंतीला लागून काचेच्या टाक्या, त्यांत नदीतल्या नखाएवढ्या गोगलगायी, आणि त्यांच्या पोटात कृमी. "गोगलगाय यजमान, कृमी पाहुणे," लेकीने आईला समजावलं होतं. "पाहुणे तिच्या पोटात वाढतात, मग पाण्यात उतरून मासा गाठतात."

"आणि यजमानाचं काय?"

"खंगतो. पाहुणे हलेनात, तर दुसरं काय होणार?"

अर्ध्या टाक्यांत साधं पाणी, अर्ध्यांत औषधाचा अंश. औषध कोणतं, तर आई रोज सकाळी घेते ती मन शांत करणारी गोळी. ती माणसाच्या अंगातून सांडपाण्यात आणि तिथून नदीत जाते, हे कळल्यावर आईने गोळी बंदच करायचं ठरवलं. लेक उखडली. "गोळी घ्यायचीच. पाणी शुद्ध करणं शहराचं काम आहे, तुझं नाही!"

रोज सकाळी ती एकेक गोगलगाय पाण्याच्या पेल्यात ठेवून वर दिवा लावायची. उजेड पडला की कृमी बाहेर पडत, धुळीच्या कणांसारखे वळवळत. दुपारी ती पेले तपासून ओतून द्यायची. औषधाच्या टाकीतल्या गोगलगायींचे पेले मात्र कायम नितळ. तिचे मार्गदर्शक सर खूश होते: औषधाने कृमी थांबतात! शुक्रवारी संस्थेच्या समितीपुढे हे मांडलं, की लेकीची संपत आलेली नेमणूक वाढणार होती.

बुधवारी तिने फोन उचलला नाही. आईच्या मनात नाही नाही ते आलं. डबा घेऊन तिने थेट प्रयोगशाळा गाठली.

"अगं, फोन टाकीमागे पडला होता. इथे वाघ नाहीत आई, गोगलगायी आहेत."

"वाघ परवडले. जेवलीस?"

बाहेरच्या बाकावर जेवण, मग आईच्या गप्पा. पेले रिकामे करायचे राहूनच गेले. लेक परतली तर नितळ पेले गढुळले होते. एक थेंब तिने सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि बघतच राहिली. कृमी थांबले नव्हते. त्यांची निघायची वेळ पुढे सरकली होती. ते निघायच्या आतच ती रोज पेले ओतून देत आली होती.

गुरुवारी तिने मुद्दाम संध्याकाळपर्यंत पेले ठेवले. तेच दिसलं.

"शुक्रवार जाऊ दे," आई म्हणाली. "नेमणूक हातात पडली की सांग."

"आणि उद्या मासे पाळणारा कुणी तळेवाला माझ्या भरवशावर निर्धास्त बसला, त्याचे मासे गेले, तर?"

"मग शुक्रवारी मीही येते," आई म्हणाली.

शुक्रवारी आई त्याच बाकावर. समितीच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. लेकीचा आवाज नेहमीसारखाच संथ. "माझा निकाल चुकला. मी फक्त सकाळ पाहिली."

"हे आज सांगताय?" सरांचा आवाज चढला.

"काल सांगायला आले होते सर. तुम्ही बाहेरगावी होतात."

"मग गोगलगायींचं काय?" एका बाईंनी विचारलं.

"औषधाने त्या कमी खातात बाई, आणि कृमीही सोसतात. दोन्हीकडून मार."

"म्हणजे आता दिवसभर पेल्यांवर डोळा ठेवायचा!" सर म्हणाले. "एवढा धीर आहे कुणाला?"

"मला आहे."

आत कुणीतरी हसलं. मग सर जरा नरमले. "नेमणुकीचं पुढच्या महिन्यात बघू. तोवर काम थांबवू नका."

घरी पोचायच्या आतच आईला मावशीचा फोन. "काय गं, मिळाली का नेमणूक?"

"टांगणीला आहे."

"मग आवाज एवढा खुशीत कसा? तू तर एव्हाना रडत असायला हवीस."

"अगं, आपली गोगलगाय," आई म्हणाली, "आज सगळ्यांनी डिवचलं, तरी तिने शिंगं आत घेतली नाहीत."