वारा की वादळ

त्या वर्षी दिवाळीनंतर खाडीवरून जे आलं त्याला मी आमच्या मंडळाच्या पत्रकात वादळ म्हटलं. ठाण्याच्या कचेरीने जोराचा वारा म्हटलं. या दोन शब्दांत अख्ख्या पाड्याची छपरं अडकली. वादळात घर पडलं तर सरकार वासे-कौलं देणार. वाऱ्याने पडलं तर ज्याचं त्याने बघावं. हा नियम ज्याने केला त्याचं स्वतःचं छप्पर पक्कं असणार, याबद्दल मला शंका नाही.

कचेरीला तो शब्द दिला पाड्यानेच. मिठागरावर राबणाऱ्या एका काकींचा नवरा त्याच दिवशी मिठाचा मचवा घेऊन गेलेला, परतला नव्हता. माणूस पाण्यावर असताना वादळाचं नाव तोंडातून काढायचं नाही, ही तिथली रीत. नाव घेतलं की ते परत येतं म्हणे. मचवा एकीच्या नवऱ्याचा, पण तोंडं सगळ्यांनी मिटलेली. तलाठी आला तेव्हा पडक्या भिंतींत उभं राहून एकेकाने सांगितलं, वारा आलेला.

काकी बोलल्या तर बाकीचे बोलतील, म्हणून मी त्यांनाच कचेरीत नेलं. बांधावरून चालताना पढवत होतो.

"काकी, एकच शब्द बोलायचाय."

"तूच बोल की. तुला भाषणाची सवय हाय."

"माझं घर कुठे पडलंय?"

मामलेदारांनी विचारलं, "बाई, वारा की वादळ?"

काकी म्हणाल्या, "वारा. जरा मोठा."

"काय पुढारी, तुमचा साक्षीदार आमच्याच बाजूचा निघाला."

मी टेबलावर हात आपटला, रीत समजावून सांगितली. ते म्हणाले, "रीतीला आमच्याकडे कलम नाही." चीड त्यांची आली, तितकीच त्या रीतीचीही आली. परत येताना मी काकींशी बोललो नाही. त्याच म्हणाल्या, "घर काय, परत बांधता येतं रे."

पाडा थंडीभर झावळ्यांखाली राहिला. मचव्याची खबर नव्हती.

शिमगा झाल्यावर एका सकाळी काकी मंडळाच्या खोलीवर आल्या. कपाळावर कुंकू नव्हतं. पाड्यातल्या बायका खाली रस्त्यावर थांबलेल्या.

"चल ठाण्याला," त्या म्हणाल्या. "सांगते त्यांना. वादळ व्हतं."