फणीवरचा गरबा

तापीकाठच्या आमच्या गुजरांच्या गल्लीत नवी सून आली की एकदा तरी विचारतेच, "काकू, बाकी सगळ्यांचा गरबा गोड, तुमच्याच घरचा असा खरखरीत का हो?" खरखरीतच आहे बाई, आणि तसाच राहणार. का, ते सांगते.

साठचं दशक सरत आलं होतं. माझे चुलतसासरे तरुणपणी सुरतेच्या नातेवाइकांबरोबर आफ्रिकेत गेले होते, नैरोबीत त्यांनी दुकान टाकलं होतं. तिथलं साहेबाचं राज्य गेलं, झेंडा बदलला, आणि काही वर्षांत आपल्या लोकांच्या मागे कागदपत्रांची कटकट लागली. काका दुकान मोडून बायको-मुलीला घेऊन गावी परत आले, तेही कडू होऊन. मुलगी तिथेच जन्मलेली. नात्यानं माझी नणंद, पण वयानं लहान, मला भाभी म्हणायची. तिनं काय आणलं? चार कपडे, सेलवर चालणारं तबकड्यांचं यंत्र आणि एकच तबकडी. बाकीच्या बोटीवर फुटल्या म्हणे.

तबकडीचं पाकीट बघायला गल्ली जमली. नारिंगी-गुलाबी रंग, आणि अक्षरं कशी, तर गुऱ्हाळाच्या चुलवणावरची हवा हलते ना, तशी हललेली. सासूबाई म्हणाल्या, "छापनारा पिईसन बठेल व्हता का?"

मग गाणं लागलं. आधी ढोल, मग विहिरीच्या तळातून बोलावं तसा एक माणूस गायला लागला, आणि मग गिटार आली. गिटार कसली, टराटरा फाटणारं मांजरपाट! आम्ही सगळ्या ओरडलो, "अगं बंद कर, सुई मोडली!"

"मोडली नाही. ते असंच आहे," नणंद म्हणाली.

कोण ऐकतंय! काकांनी दुसऱ्याच दिवशी यंत्र नंदुरबारला नेलं, आम्हा दोघींनाही बाजार करायला बरोबर घेतलं. रेडिओ दुरुस्त करणारे एक चाचा होते. त्यांनी यंत्र उघडलं, पुसलं, सुई बदलली, आतला स्पीकरचा कर्णा बदलला. लावलं. पुन्हा खर्रर्र! चाचांनी कपाळाचा घाम पुसला. "सेठ, मशीन बराबर आहे. गाणंच आजारी आहे."

"आजारी नाही!" ती भर दुकानात म्हणाली. "आमच्या दुकानामागच्या गल्लीतल्या पोरांचं गाणं आहे ते. त्यांनी गिटारीच्या कर्ण्याचा कागद ब्लेडनं मुद्दाम चिरला, म्हणून आवाज तसा फाटतो."

"चांगली वस्तू चिरायची," काका म्हणाले, "ही त्या लोकांची अक्कल."

"पप्पा, साहेबांच्या हॉटेलात ती पोरं साहेबांना आवडेल तसंच वाजवायची. गोड, हळू, जेवताना त्रास नको म्हणून. साहेब गेला. आता कुणाच्या जेवणासाठी गोड वाजवायचं?"

काकांनी यंत्र काखोटीला मारलं आणि ते दुकानाबाहेर पडले. मी मात्र घरी येईपर्यंत तेच घोळवत बसले. माझा स्वतःचा आवाज जन्मापासून घोगरा. लग्नानंतर पहिल्या गरब्यात एकदा गायले, तेव्हाच गल्लीतल्या बायकांनी सांगून ठेवलं होतं, यापुढे तू नुसत्या टाळ्या वाजव, गाऊ नकोस.

तर नवरात्र आलं. आमच्या गल्लीत रोज एका घराचा मान. दिवेलागणीला त्या घरच्या बायका गरबो, म्हणजे भोकं पाडलेल्या मडक्यातला दिवा, मधोमध ठेवतात आणि त्याच घरची बाई पहिली ओळ म्हणून गाणं उचलते. घरात नवी आलेली सून किंवा लेक असेल तर तिनंच उचलायचं. उचललं की ती गल्लीची झाली. नाही उचललं तर पाहुणी ती पाहुणीच.

हिला तर आपलं एक गाणं येत नव्हतं. शेजारणी पाणवठ्यावर हसायच्या, "आफ्रिकावाली काय गाणार?" काकांनी ठरवूनच टाकलं, "यंदा ही ओट्यावर बसेल. पुढच्या वर्षी शिकली की बघू."

"मी तेच गाणं उचलेन," ती म्हणाली. काकांनी यंत्र तबकडीसकट कपाटात घातलं आणि किल्ली जानव्याला बांधली.

मानाच्या दिवशी दुपारी मी तिची वेणी घालत होते. ती म्हणाली, "भाभी, तिथे म्हणायचे, तुझ्या देशात जा. इथे मला ओट्यावर बसवतात. उभी कुठे राहू?"

मला काय सुचलं कुणास ठाऊक. कोनाड्यात संक्रांतीचा फाटका पतंग पडला होता. त्याचा तुकडा फणीवर धरला, फणी ओठांना लावली आणि तोंडानं गिटारीची ती ओळ घुमवली. खर्रर्र! अर्धी वेणी तशीच टाकून ती वळली. "भाभी! तेच! अगदी तेच!"

"तू गा," म्हटलं. "आवाज फाडायचं काम माझं."

दिवेलागणीला तिनं गाणं उचललं. शब्द कुणाला कळले नाहीत, पण आमच्या तीन टाळ्या त्यात अशा बसल्या, जणू इथलंच गाणं. मी पुढे होऊन फणी वाजवायला लागले. पोरी खिदळल्या. एक शेजारीण म्हणाली, "हाई काय वाजी ऱ्हायनं व?" पण पाय तिचेही थांबेनात.

काका ओट्यावरून उतरले. "बंद करा हे! त्या लोकांचं गाणं माझ्या घरात नको!"

आता मोडतंय, असं वाटलं. ती गात होती, पण पावलं मागे पडायला लागली होती. तेवढ्यात सासूबाई टाळ्या वाजवता वाजवताच, मान न वळवता म्हणाल्या, "भाऊ, घरमा कोठे शे? आंगनमा शे. आनि आज मान आपला घरना शे. गरबा मोडाव नही."

फिरतं रिंगण मधेच तोडत नाहीत, हे काकांनाही ठाऊक. ते तसेच उभे राहिले आणि आम्ही त्यांना वळसा घालून फिरलो. शेवटी तेच आत गेले.

काका पुढे महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. सारंगखेड्याच्या यात्रेत त्यांनी यंत्र आणि तबकडी विकून टाकली. विका म्हटलं. पुढच्या नवरात्रात गाणं पुन्हा झालं, आणि हिला कुणी पाहुणी म्हटलं नाही. लग्न होऊन ती बारडोलीकडे गेली, तर तिकडच्या बायकांच्याही हातात तिनं फण्या दिल्या.

यंदा मंडळाची पोरं आली होती. "काकू, मोठा स्पीकर आणलाय, तुम्ही कशाला त्रास घेता? गोड गाणी लावतो."

"लाव की," म्हटलं, "पण आमच्या मानाच्या दिवशी त्याची वायर काढून ठेव."

फणी धुऊन ठेवली आहे. कागद तेवढा नवा आणायचा.