ऐरण आली, खड्डा इंदापुरातच राहिला

बायकोचं खुरपं मी जाळलं. लोखंड जळतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

लाकूड जळतं, कडब्याची गंज जळते. लोखंड फार तर लाल होतं, अशी माझी समजूत. मी कन्हेरीचा माळवं करणारा माणूस. कांदा आणि वांगी एवढाच माझा अभ्यास. लोहारकाम माझ्या धंद्यात नव्हतं, जातीत नव्हतं आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे हातातही नव्हतं. तरी गोठ्याच्या पडवीत एक ऐरण, एक भाता, दोन सांडशा, एक घण आणि तीन हातोडे असा संसार मी मांडून बसलो होतो. तो कसा मांडला ते आधी सांगतो.

बायको ज्येष्ठात गेली. तीन दिवसांचा ताप. पोरबाळ नव्हतं. दिवस झाले, पाव्हणे आपापल्या गावी गेले, आणि मी कालव्याच्या पाण्यावर जाऊन उभा राहिलो. पाणी या वाफ्यातून त्या वाफ्यात वळवायचं. मला वाईट वाटत नव्हतं. बरंही वाटत नव्हतं. लोक म्हणत, मोठा धीराचा. धीर धरायला काहीतरी जड जावं लागतं. मला काहीच जात नव्हतं. चुलती भाकरी करून द्यायची. एकदा तिनं विचारलं, कालवणात मीठच पडलं नव्हतं, बोलला का नाहीस? मी म्हटलं, असेल.

श्रावणात इंदापूरच्या बाजाराला गेलो ते बैल बघायला. बैल बघितला की नाही ते आता आठवत नाही. बाजाराच्या कडेला एक लोहार दारात हत्यारं मांडून बसला होता. नव्या साखर कारखान्यात त्याला फिटरच्या हाताखाली काम लागलं होतं, म्हणून भट्टी मोडून तो निघाला होता. मी तिथं थांबलो. मला काहीच नको होतं, तेव्हा कुठंही थांबलं तरी चालण्यासारखं होतं.

"काय पायजे, पाव्हणं?"

"हे समदं," मी म्हणालो. असं का म्हणालो ते मला आजतागायत समजलेलं नाही.

त्यानं किंमत सांगितली. मी कनवटीला हात घातला. तो दुखावला.

"आवो, कमी करून तरी मागा. आसं लगीच कुनी काढतं व्हय? मला वाटाया लागलं, माजंच कायतरी चुकलं."

"बरं. मग कमी करा."

"किती?"

"तुमीच सांगा."

शेवटी त्यानं माझ्या वतीनं स्वतःशीच घासाघीस केली, स्वतःलाच थोडं नमवलं, आणि वर मनाच्या समाधानासाठी एक दात गेलेली कानस टाकली. ऐरण तिच्या लाकडी ठोकळ्यासकट दोघांनी गाडीत चढवली. चढवल्यावर त्यानं तिला हात लावून कपाळाला नेला.

"दोन गोष्टी ध्यानात ठेवा. आमुशाला भट्टी पेटवायची न्हाय. आन रिकाम्या ऐरणीवर घाव घालायचा न्हाय. तिला लागतं."

गाडी हलली तसं त्याला आणखी काही आठवलं. तो मागून चालत आला.

"घरी खड्डा हाय न्हवं?"

"कसला?"

"बसायचा. आमी खड्ड्यात पाय सोडून बसतो, म्हून ऐरण आशी बुटकी. उभ्यानं माराल तर कंबर जाईल."

"मग खड्डा बी द्या की."

"खड्डा कसा देऊ, पाव्हणं? त्यो हितंच ऱ्हानार."

कन्हेरीला आल्यावर मी खड्डा खणला नाही. खणायचं मनावर घेतलंच नाही. त्यामुळे माझं सारं लोहारकाम वाकून, ऐरणीच्या पाया पडत झालं. भात्याचं कातडं वाळून तडकलं होतं. दांडा ओढला की वारा भट्टी सोडून चारी दिशांना जायचा, एकदा माझ्याच धोतरात गेला. कालव्याचं पाणी आल्यापासून आमच्या विहिरीची मोट पडून होती. तिच्या कातड्याची ठिगळं मारली, करंजेल चोळलं. चार दिवस त्यात गेले. ते बरे गेले. बाभळीचा कोळसा आणून ठेवला, आणि मग माझ्या ध्यानात आलं की ठोकायला माझ्याकडे काहीच नाही.

नसायलाच पाहिजे होतं. आमचे फाळ, विळे, खुरपी, सगळं ओढ्यापलीकडचा लोहार बघायचा, माझ्या वडलांच्या काळापासून. सुगीला खळ्यावर येऊन तो बलुत्याचं धान्य घेऊन जायचा. अशा घरात कुळंब्यानं स्वतःची ऐरण मांडणं म्हणजे लोहाराला न बोलता रजा देणं. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मला ते कळलं ऐरण मांडून झाल्यावर. लोहार वाटेत भेटला की रामराम घालायचा आणि माझ्या हातांकडे बघायचा. मला वाटलं, रागात आहे.

मग मी काय केलं, तर जे करू नको म्हणून सांगितलं होतं ते. दुपारी पाणी वळवून झालं की पडवीत यायचं आणि रिकाम्या ऐरणीवर हातोडा मारायचा. चाळीस, पन्नास, कधी जास्त. हाताला मुंग्या यायच्या, मग कोपरापर्यंत हात मेल्यासारखा व्हायचा. तेवढं झालं की थांबायचो. गावात बोलवा झाली की मालकानं कामात मन गुंतवलंय, चांगलं झालं. मी ते खोडलं नाही.

भादव्यात एके दिवशी गोठ्याच्या खुंटीला बायकोचं खुरपं दिसलं. पातं झिजून बोटाएवढं उरलेलं. म्हटलं, एवढी हत्यारं आणली आहेत, हे शेवटून, म्हणजे तापवून-ठोकून, धार तरी काढू. मूठ उपसून बाजूला ठेवली. सगळ्या प्रकरणात शहाणपणाचं म्हणाल तर तेवढंच. पातं कोळशात खुपसलं आणि भाता ओढत बसलो. लाल झालं. पिवळं झालं. पांढरं झालं आणि दिवाळीच्या फुलबाजीसारख्या ठिणग्या उडायला लागल्या. मला वाटलं, जमतंय. मी आणखी ओढला. सांडशीनं बाहेर काढलं तर पुढं पातंच नव्हतं. उंदरानं कुरतडलेल्या गुळासारखा एक खडा होता. ऐरणीवर ठेवून टोला दिला, त्याचा भुगा झाला. मी भुगा झाडला, हात धुतले आणि जेवलो.

आठ दिवसांनी कोऱ्हाळ्याच्या गाडीवानाबरोबर सासूबाईंचा निरोप आला. "कांदा खुरपायच्या वक्ताला येते. लुगडी वाटली ती वाटली. लेकीचं खुरपं तेवढं मला ठेवा. मूठ आमच्या बांधाच्या बाभळीची हाय."

त्यांना दुसरं काही नको होतं. सोन्याचं त्यांनी नावही काढलं नव्हतं.

माझ्याकडे मूठ होती. हातात धरून धरून ती गुळगुळीत झालेली, अंगठ्याच्या जागी खाच पडलेली. मी खाचेत अंगठा घालून बघितला. बसला नाही. म्हटलं, माझा अंगठा जाड. आता या मुठीत नवं पातं बसवायचं आणि हेच तिचं म्हणून द्यायचं, असा माझा बेत. मोडक्या गाडीच्या चाकाची जुनी लोखंडी धाव होती, तिचे तुकडे केले. पहिलं खुरपं उलथन्यासारखं झालं. दुसरं कशासारखंच झालं नाही. तिसरं लांबून खुरपं दिसत होतं. पाण्यात विझवलं, दगडावर टेकवून बघितलं, तर टेकवतानाच दोन तुकडे झाले. कार्तिक उजाडला. कांद्यात गवत आलं. शेवटी मूठ बंडीच्या खिशात घातली आणि ओढा ओलांडला.

लोहार खड्ड्यात पाय सोडून बसला होता. "या, मालक. इझली वाटतं भट्टी."

"आबा, तुमाला राग आला आसंल."

"कशाचा?"

"म्या घरी ऐरण मांडली. तुमचं बलुतं हाय आमच्याकडं..."

"बलुत्याला काय हुतंय? पयल्या दिसापास्नं ऐकतोय म्या. ऐरणीवर लोखंडच न्हवतं." त्यानं हातोडा खाली ठेवला. "खाली लोखंड आसलं की आवाज बसतो. तुमची नुसतीच वाजायची. रोज दुपारी. आमची म्हातारी म्हनायची, जाऊन सांगा त्यास्नी, आसं करू ने. म्या म्हनलं, वाजू दे. दमंल आपसूक."

मी खिशातली मूठ काढून दिली.

"हिच्यात बसंल आसं खुरपं पायजे. जुन्यावानी."

"जुनं कुठाय?"

"जाळलं."

तो हसला नाही. "पांढरं हुईस्तवर ठिवलं आसंल."

"व्हय."

"ठिनग्या बघत बसला आसाल."

"व्हय."

त्यानं लोखंड तापवलं, आंब्यासारखं पिवळं होताच काढलं आणि आठ-दहा टोल्यांत पातं काढून वळवायला घेतलं. मी आता तीन खुरप्यांचा अनुभवी. मला राहवलं नाही.

"आबा, उलटं वळवताय."

"उलटं न्हाय. डावं हाय."

"आमच्याकडं डावरं कोन हाय?"

तो थांबला. लोखंड थंड होत होतं, म्हणून आधी ते परत कोळशात घातलं, मग बोलला. "तुमची कारभारीण. पयल्या साली उजवं दिलं, तर दुसऱ्या दिशी माघारी घिऊन आली. म्हनली, डावं करा, पर कुनाला बोलू नगा, लोकं नावं ठिवत्यात. तवापास्नं दर साली डावंच देतोय."

मूठ त्याच्या गुडघ्यापाशी पडली होती. मी ती उचलली आणि डाव्या हातात धरली. अंगठा खाचेत बसला.

घरात ती सगळं उजव्या हातानं करायची. रानात बायकांची ओळ खुरपत पुढे जायची आणि मी मागं पाण्यावर. मला दिसायच्या त्या पाठी. बारा वर्षं.

सासूबाई आल्या तेव्हा ऐरणीवर मी पोतं टाकून ठेवलं होतं. त्यांनी पाणी घेतलं, चहा नको म्हणाल्या. मी खुरपं पुढं केलं. पात्याला राख आणि चिखल चोळून ते जुनं दिसावं अशी व्यवस्था केली होती. त्यांनी पदरानं पातं पुसलं. मग कांद्याच्या वाफ्यात बसल्या आणि हातभर गवत काढलं. डाव्या हातानं. हे पण मी पहिल्यांदाच बघत होतो.

"मूठ तिची हाय," त्या खाली बघूनच म्हणाल्या. "पातं न्हवं."

"जाळलं म्या, मामी. चुकून."

त्यांनी आणखी थोडं गवत काढलं, मुळाची माती झटकली, बाजूला ठेवलं.

"डावं करायला कुनी सांगितलं?"

"लोहारानं."

"तुमाला ठावं न्हवतं?"

"न्हाय."

त्या उठल्या. खुरपं पदराच्या टोकात गुंडाळून कमरेला खोचलं.

"तुमाला ताट कंच्या हातानं वाढायची?"

"उजव्या."

"मंजी, पाव्हणं, तुमी जेवतानाच तेवढं बघत व्हता."