मला ऐकू येत होतं, त्यांना नाही

अकलूजकडच्या एका ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवण्याच्या जागेसाठी माझी मुलाखत होती. ऑनलाइन, सकाळी अकरा वाजता. स्क्रीनवर पानं दाखवत एक धडा शिकवायचा होता, म्हणून मोबाईल चालणार नव्हता. कुंभारीतल्या आमच्या दोन खोल्यांत माझा जुना कॉम्प्युटर होता. त्याच्या कॅमेऱ्याला माइक नव्हता. बोलायचं ते हेडफोनच्या माइकमधूनच. शेळ्या राखून आईनं मला एम.ए. केलं होतं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच.

साडेदहाला तिथल्या क्लार्कनं चाचणीसाठी मीटिंग उघडली.

"मॅडम, ओठ हलतायत, आवाज नाही."

त्यांचा शब्द न् शब्द मला ऐकू येत होता. मी "हॅलो सर, हॅलो सर" करत राहिले.

"बघा जरा काय ते. जमलं की परत या, तुम्हाला शेवटी घेतो. पण साडेअकराला पॅनेलमधले सगळे उठतात."

म्यूट नव्हतं. सेटिंगमध्ये माइकला परवानगी होती. आवाजाची पट्टी पुढे सरकवली, माइकसमोर टाळ्या वाजवल्या. आवाज दाखवणारी निळी रेघ जागची हलली नाही. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला. शाळेत गुरुजी मला "तोंड उघड की गं" म्हणून ओरडायचे, आणि आता तोंड उघडून काही उपयोग नव्हता.

अकरा वाजून गेले. मग हात लावून पाहिलं, तर हेडफोनच्या दोन पिनांपैकी माइकची गुलाबी पिन अर्धीच आत गेली होती. दाबली तरी जाईना. कॉम्प्युटरच्या डब्याच्या मागची छिद्रं कधीच बाद झालेली, पुढची दोनच उरलेली. मोबाईलचा उजेड धरून गुलाबी छिद्रात पाहिलं. आत काहीतरी लाल होतं.

"आई, तू ह्याच्यात काय घातलंस?"

आई दारात शेळीला पाला टाकत होती. ती आत आली, वाकून बघितलं.

"कुंकू हाय की ते. खंडेनवमीला पुजलं न्हाय का? विळा, कुऱ्हाड, तसंच हे."

"छिद्रात कशाला?"

"तूच म्हनालीस, हितनं बोलत्यात. मग त्येचं तोंडच की. हळद-कुंकू लावलं, अक्षता टेकवल्या."

डब्यावरची हळद मीच दसऱ्यानंतर पुसली होती. गुलाबी छिद्रातलं कुंकू रंगात रंग मिसळून राहून गेलं होतं.

"कळत नाही तर हात लावू नये गं!" मी ओरडले.

आई आतल्या खोलीत गेली. गोधडीची सुई घेऊन आली.

"सुई नको, आत लोखंडी पट्टी असते, तुटेल," मी म्हणाले. कॉम्प्युटरचा प्लग काढला. केरसुणीची एक काडी मोडून घेतली, आणि आईनं उजेड धरला. आधी कुंकवाची भुकटी आली. तांदूळ मात्र आत फिरत राहिला. आईनं माझ्या हातातली काडी घेतली, डबा पालथा केला आणि हळूच टोकरलं. लाल झालेला अर्धा दाणा फरशीवर पडला.

अकरा वीसला पिन 'टक्' करून आत बसली. कॉम्प्युटर सुरू करून मी मीटिंगमध्ये परत गेले.

"माझा आवाज येतोय का सर?"

"येतोय, येतोय. ओरडू नका मॅडम," पॅनेलमधल्या एक बाई हसल्या.

धडा सात मिनिटांतच आटपावा लागला. मधे एकदा अडखळले. शेवटी "आठ दिवसांनी कळवू" म्हणाले.

बाहेर आले तर दारात शेळ्या नव्हत्या. आईनं त्यांना पार लिंबाखाली नेऊन बांधलं होतं, ओरडू नयेत म्हणून. ती तिथंच बसली होती.

"झालं?"

"झालं. पण वेळ कमी पडला."

"माज्यामुळं." ती मान खाली घालून म्हणाली.

मी "नाही" म्हणायला हवं होतं. मी नुसती तिच्या शेजारी बसले आणि मोबाईल मांडीवर पालथा ठेवला. कॉलेजचं उत्तर यायला अजून आठ दिवस होते.